परवचा, पटवारी आणि परिभाषा

पुसेगाव म्हटले की बहुतेकांना सातारा जिल्ह्यातले, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव आठवते. हे पुसेगाव दुसरे. ते हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. १ मे १९९९ पूर्वी ते परभणी जिल्ह्यात मोडत असे आणि १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तालुक्याची उत्तरेकडची शीव वाशीम जिल्ह्याला, म्हणजे जुन्या वऱ्हाडाला लागते. वऱ्हाडाचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होता. त्यामुळे या पट्ट्यातल्या गावांना एक चमत्कारिक शेजार लाभला. शिवेपलीकडच्या सरकारी शाळेत मुले इतिहास-भूगोल मराठीत शिकत. अलीकडच्या बाजूला चार इयत्ता मराठीत झाल्या की पुढचे सगळे उर्दूत. बोली तीच, पीकपाणी तेच, सोयरिकीही एकमेकांत. पण ‘भूगोल’ हा शब्द एका मुलाला शाळेत मिळे आणि दुसऱ्याला ‘जुगराफिया’ मिळे.

शाळेची भाषा घरची नव्हती, आणि मुळात शाळेपर्यंत पोचणारेच थोडे होते, अशा मुलखात माणसांना शब्द आणि जगाची माहिती रोजच्या रोज मिळत कुठून होती, हा या लेखाचा प्रश्न आहे. मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात संस्था, चळवळी आणि सत्याग्रह यांची नोंद सापडते. दिवसाकाठी दोन-चार शब्दांनी वाढत जाणाऱ्या साठ्याची नोंद कुणी ठेवत नाही. तरीही त्याच्या खुणा शिल्लक आहेत.

पहिली खूण परवच्याची. दिवेलागणीला मुलांना हातपाय धुऊन देवापुढे बसवायचे आणि मोठ्याने म्हणवून घ्यायचे, ही पद्धत महाराष्ट्रभर होती. आजच्या वाचकाला परवचा म्हणजे पाढे एवढेच आठवते. प्रत्यक्षात तो एक छोटा तोंडी ज्ञानकोश होता. सात वार, बारा महिने, पंधरा तिथी, सहा ऋतू, बारा राशी, सत्तावीस नक्षत्रे आणि दम असेल तर प्रभव-विभवापासून साठ संवत्सरे. मग पाढे; आणि पाढे संपले की अपूर्णांक: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. ‘औट’ म्हणजे साडेतीन. साडेतीनसाठी स्वतंत्र शब्द असावा आणि त्याचा पाढा लहान मुलाने घडाघडा म्हणावा, याचे आज नवल वाटेल. पण शेर, पायली, मण, आणे, पै यांच्या जगात पाव आणि पाऊण यांच्याशिवाय पान हलत नव्हते. नक्षत्रेही नुसती देवाधर्माची नव्हती. मृगात पेरणी, आर्द्रा कोरडी गेली तर काय, हस्ताचा पाऊस कोणत्या पिकाला मानवतो, हे शेतीचे बोलणे नक्षत्रांच्या नावांनीच होई. संध्याकाळी पाठ केलेला शब्द सकाळी बांधावर किंवा वाण्याच्या दुकानात कानावर पडे. परवचा टिकला तो या सोयीमुळे, असे मला वाटते. पाठांतराचा आपण नंतर जो तिरस्कार केला, त्यात ही गोष्ट नजरेआड झाली.

अर्थात परवचा सगळ्या घरांत नव्हता. ब्राह्मण, वाणी, कुलकर्णी-देशमुख यांच्या ओसरीवर तो होता, गावकुसाबाहेर नव्हता. मुलींच्या वाट्याला तो कधीमधी येई. बायकांची शब्दशाळा जात्यावर भरे, आणि ओवीतून नात्यांची, धान्याची, दागिन्यांची, देवस्थानांची नावे आईकडून लेकीकडे जात. सर्वांना खुले असे एकच ठिकाण होते, ते म्हणजे कीर्तन आणि पोथी. तिथेही कोणी कुठे बसायचे हे ठरलेले असेच. हिंगोली तालुक्यातले नर्सी हे परंपरेने नामदेवांचे गाव, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा औंढा नागनाथाच्या देवळाशी जोडलेली. या पट्ट्यात सप्ताहांची रीत घट्ट आहे, आणि सप्ताहात ज्ञानेश्वरी ऐकणारा निरक्षर शेतकरीही सातशे वर्षांपूर्वीची मराठी कानावर घेत असे. त्यातले किती कळे, हा प्रश्न योग्य आहे. पण न कळणारा शब्द पुन:पुन्हा ऐकणे हीही शब्द शिकण्याची एक पायरीच असते. दररोज काही वाचावे, काही लिहावे असा नेम सांगणारे रामदासही याच मराठवाड्यातल्या जांबचे.

आता ओसरीवरून चावडीवर येऊ. निजामी मुलखातल्या शेतकऱ्याला जे सामान्यज्ञान लागे, ते आजच्या स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारालाही घाम फोडील. कालगणनाच तीन होत्या. घरी चैत्र-वैशाख. सरकारदरबारी फसली सन आणि त्याचे इराणी घराण्यातले महिने: आजर, दै, बहमन, इस्फंदार आणि पुढचे. हैदराबादेतले हे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. हैदराबादेवर पोलीस कारवाई झाली ते १९४८ साल म्हणजे फसली १३५७. रेल्वेचे वेळापत्रक आणि वऱ्हाडातले व्यवहार मात्र इंग्रजी तारखांनी. नाणीही दोन. संस्थानचा रुपया ‘हाली’, इंग्रजांचा रुपया ‘कलदार’. दोहोंचा ठरलेला भाव सहा कलदारला सात हाली असा. वाशीम-रिसोडच्या बाजारात कापूस विकून कलदार आणणाऱ्याला हा हिशेब तोंडावर असल्याशिवाय गत्यंतर नव्हते. शीव ओलांडताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. पुण्यामुंबईच्या मराठी माणसाला ‘करोडगिरी’ हा शब्द कोड्यासारखा वाटेल. इथे तो पोराटोरांनाही माहीत असे.

त्यात कचेरीची भाषा. हैदराबाद राज्यात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली. राज्यातल्या लोकांपैकी सुमारे चौथा हिस्सा मराठी बोलणारा होता, तेलुगू त्याहून बरेच अधिक, आणि उर्दू घरी बोलणारे साधारण दहात एक. तरी वरच्या कचेरीतला कागद उर्दूच. गावात पटवारी, त्याच्यावर गिरदावर, मग तहसीलदार, आणि जिल्ह्याला ‘अव्वल तालुकदार’, म्हणजे कलेक्टर. ज्याला हे शब्द येत, त्याचे काम होई. ज्याला येत नसत, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. शब्द येणे ही इथे हौस नव्हती. जमीन कुणाच्या नावावर राहील हे त्यावर अवलंबून असे. मोडी वाचणारा, उर्दू अर्ज लिहिणारा आणि कायदा समजावून सांगणारा असा एखादाच माणूस पाचदहा गावांत असे, आणि त्याचे महत्त्व त्याच्या जमिनीपेक्षा मोठे असे.

याच काळात, याच मराठवाड्याच्या भूमीवर, हिंदुस्थानातला शब्दनिर्मितीचा एक मोठा उद्योग चालू होता. फक्त तो मराठीसाठी नव्हता. उर्दूचे गाढे अभ्यासक मौलवी अब्दुल हक हे शिक्षण खात्याच्या कामासाठी औरंगाबादेत होते. १९१० च्या दशकात अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि तिचा मुक्काम औरंगाबादेत पडला, तो दोन तपांहून अधिक काळ. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. सर्व विषय उर्दूतून, इंग्रजी ही एक सक्तीची भाषा. पाठ्यपुस्तके तयार व्हावीत म्हणून आदल्या वर्षीच ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतरखाते उघडले होते, आणि त्याची पहिली जबाबदारी अब्दुल हकांवरच होती. रसायन, पदार्थविज्ञान, कायदा, वैद्यक, इतिहास अशा विषयांवरची शेकडो पुस्तके या खात्याने उर्दूत आणली.

तिथे रंगलेला वाद आपल्याला ओळखीचा वाटेल. नवा पारिभाषिक शब्द अरबीतून घडवावा, की इंग्रजी शब्दच ठेवावा, की बोलीतून उचलावा? वहीदुद्दीन सलीम यांनी यावर ‘वज़-ए-इस्तिलाहात’ हा ग्रंथच लिहिला. उर्दूचा सांगाडा आर्य कुळातला आहे, तेव्हा हिंदी प्रत्ययांचा विटाळ मानू नये, असे त्यांचे म्हणणे. नामापासून सरळ क्रियापद घडवायलाही त्यांची ना नव्हती: ‘बर्क’ म्हणजे वीज, त्यावरून ‘बर्काना’. मराठीत असे धाडस करणाऱ्याला आजही व्याकरणाची नोटीस येते. १९३७ मध्ये अब्दुल हकांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश निघाला, आणि लवकरच अंजुमनने बिऱ्हाड दिल्लीला हलवले.

उस्मानियाच्या प्रयोगाबद्दल मराठवाड्यात लिहिताना हात आखडतो, आणि त्याला कारण आहे. परंतु न्यायाने बोलायचे तर देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येते, त्यासाठी शब्द घडवता येतात आणि ते वर्गात चालवता येतात, हे आधुनिक विद्यापीठाच्या पातळीवर सिद्ध करून दाखवण्याचा मान हैदराबादेकडे जातो. तत्त्व खरे होते. घोडचूक भाषेच्या निवडीत होती. मातृभाषेतून शिकवावे हे सांगणाऱ्या राज्याने दहातल्या नऊ घरांची मातृभाषा बाजूला ठेवली. परभणी जिल्ह्यातला मुलगा पाचवीत गेला की बेरजेला ‘जमा’, वजाबाकीला ‘तफरीक’, गुणाकाराला ‘ज़र्ब’, भागाकाराला ‘तकसीम’, त्रिकोणाला ‘मुसल्लस’ म्हणू लागे. इतिहासाचे नाव ‘तारीख’. घरी तारीख म्हणजे कोर्टाची. शाळेत तारीख म्हणजे अकबराची.

इथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. या उर्दू शब्दांच्या विरोधात आपण ज्यांना ‘आपले’ म्हणून कवटाळतो, त्यातले ‘वजाबाकी’ आणि ‘बेरीज’ हेही अरबी-फारसी घराण्यातलेच आहेत. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, विसाव्या शतकात सावरकरांनी ‘तारीख’ काढून ‘दिनांक’ दिला. पण वजाबाकीला कुणी हलवू शकले नाही. ती व्यापाऱ्याच्या चोपडीतून रोजच्या वापरात आली होती, सक्तीने नव्हे. ‘तफरीक’ फक्त वर्गात होती. सक्ती उठली त्या दिवशी ती गेली.

मराठी शब्दांना वाट मिळाली ती वाचनालयांतून. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे. हैदराबादेतले मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चे. त्याआधी १९०७ मध्ये केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींच्या पुढाकाराने हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा निघाली होती. सभा घ्यायची तर परवानगी, खाजगी शाळा काढायची तर परवानगी. सभाबंदीच्या ‘गश्ती निशाण ५३’ची आठवण मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या लिखाणात जागोजाग आढळते. वाचनालय मात्र काढायला सोपे आणि सरकारच्या डोळ्यांवर थोडे कमी येणारे. वर देवाचे नाव, आत चार नियतकालिके. पुण्याचा ‘केसरी’ टपालाने चारदोन दिवसांनी शिळा होऊन येई, पण वाचणारा एक आणि ऐकणारे वीस असत. वाचून दाखवणारा मध्येच थांबे, ‘साम्राज्यशाही’ म्हणजे काय, ‘अर्थसंकल्प’ म्हणजे काय हे उलगडून सांगे. अशा शब्दांची ओळख गावाला वर्तमानपत्रातून झाली आणि तीही कानाने. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. निजामाने बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा निघे. नवे नाव ध्यानात ठेवणे हेसुद्धा वाचकाचे सामान्यज्ञानच म्हणायचे.

सीमेपलीकडचा मराठी ग्रंथव्यवहार या काळात भरात होता. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये सुमारे चाळीस हजार शब्दांनिशी आला होता आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांवर गेला होता. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले, तेही कुणा दरबाराच्या आश्रयावर नव्हे तर मंडळी काढून, भाग विकून, वर्गणीदार गोळा करून. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघू लागला. त्यात शब्दांपुढे वऱ्हाडी, नागपुरी, खानदेशी, गोमंतकी अशा प्रांतांच्या खुणा आहेत. हा कोश चाळताना एका गोष्टीकडे लक्ष जाते: माणसे रोज जे बोलत होती ते टिपून घ्यायला कोशकारांना फिरावे लागले, आणि ते टिपलेले शब्द वाचनालयाच्या कपाटातून पुन्हा माणसांकडे जायला पुढची पिढी लागली.

या साऱ्या वाटा एका माणसात येऊन मिळालेल्या पाहायच्या तर पुसेगावच्याच जिल्ह्यात पाहता येतात. नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचा. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. उर्दूच्या त्या विद्यापीठात मराठीचा विभाग होता आणि तिथे ‘मायबोलीची कहाणी’ लिहिणारा माणूस शिकवत होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कुरुंदकर शिकायला हैदराबादेत मामांकडे राहिले. परीक्षेशी त्यांचे जमले नाही. इंटरला ते एकाहून अधिक वेळा नापास झाले. वाचन मात्र अखंड चालू होते: नाट्यशास्त्र, मनुस्मृती, इस्लामचा इतिहास, संगीत, मार्क्सवाद. पुढे ते नांदेडला शाळेत शिक्षक झाले, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र आजही कादंबरीइतकेच वाचले जाते.

कुरुंदकरांच्या ज्ञानाचे कौतुक करताना आपण स्मरणशक्तीवर थांबतो. मला त्यांच्या भाषेचे अधिक अगत्य वाटते. ‘जागर’ किंवा ‘शिवरात्र’ उघडावे. अवघड विषय आणि साधी वाक्ये; परिभाषा असते, पण ती आल्याबरोबर उलगडलेली असते. वाचून दाखवता दाखवता थांबून अर्थ सांगणाऱ्या वाचनालयातल्या माणसाचीच ही रीत. व्याख्यान हेच त्यांचे मुख्य माध्यम राहिले, आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. सेतुमाधवराव पगडींची तऱ्हा वेगळी. हैदराबादच्या मुलकी सेवेतल्या या निलंग्याच्या माणसाने उर्दू-फारसीचे ओझे न मानता हत्यार केले आणि मोगल-मराठा इतिहासाची साधने मराठीत आणली. आदिवासी भागात काम पडले तेव्हा गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. लादलेल्या भाषेचेही कुणी काय करील हे आधी सांगता येत नाही.

१९४८ नंतर शाळा मराठी झाल्या, आणि १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज औरंगाबादेत उभे राहिले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. परवचा ज्यांच्या ओसरीवर कधी पोचला नव्हता, ती मुले तिथल्या ग्रंथालयात बसली. शब्दसंग्रहाच्या इतिहासात या घटनेला दोन बाजू आहेत. या मुलांनी ग्रंथांतले शब्द घेतले, हे झालेच. पण गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकांतून त्यांनी जे लिहिले, त्याने गावकुसाबाहेरच्या जगण्याचे, कामांचे, अन्नाचे, अपमानाचे शब्द छापील मराठीत आणले. कोशकार फिरले होते, पण या वस्तीपर्यंत क्वचितच. मराठीचा विस्तार विसाव्या शतकात सर्वांत जास्त कुणी केला, या प्रश्नाचे उत्तर देताना परिभाषा समित्यांच्या आधी मी इकडे बोट दाखवीन.

समित्याही झाल्याच. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला आणि त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टाही झाली. मराठवाड्याची यात वेगळीच ओढाताण झाली. एका आयुष्यात त्याच खुर्चीला माणसाने आधी अव्वल तालुकदार, मग कलेक्टर, मग जिल्हाधिकारी म्हटले. पण वारे एकाच दिशेने वाहिले असेही नाही. पश्चिम महाराष्ट्रातला मामलेदार मागे पडला आणि ‘तहसीलदार’ सगळ्या राज्याचा झाला. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला विश्वकोशाचे काम सुरू झाले, १९७६ मध्ये पहिला खंड आला, वीस खंड पुरे व्हायला चाळीस वर्षे लागली. हैदराबादेने १९५५ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अ, ब, क, ड वर्ग ठरले, अनुदान ठरले. अनुदानावर चालणारे ‘ड’ वर्गाचे ग्रामीण वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटे आणि दारावरचा फलक, हे चित्र वाचकांना अपरिचित नसावे.

त्या खोलीचे आज गावोगाव ‘अभ्यासिके’त रूपांतर होते आहे. सकाळी सातपासून मुलेमुली बसतात. समोर चालू घडामोडींचे मासिक, ‘सामान्यज्ञान’ असे लिहिलेले जाडजूड पुस्तक, समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या. रोज वीस शब्द, रोज पन्नास प्रश्न. याला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडणे सोपे आहे, पण परवचाही घोकंपट्टीच होती. फरक पडतो तो दुसऱ्या दिवशी. परवच्यातले ‘मृग’ नक्षत्र सकाळी बांधावर भेटत असे. यादीतले ‘अहर्निश’ आणि ‘यच्चयावत’ पेपर संपल्यावर कुणाला भेटत नाहीत. वाचनालयातली कादंबऱ्यांची दोन कपाटे अभ्यासिकेच्या टेबलांना जागा हवी म्हणून भिंतीकडे तोंड करून लागलेली असतात. शिपाई ते तहसीलदार कोणत्याही पदाच्या परीक्षेला बसणाऱ्या या मुलांचा हिशेब निजामी काळातल्या त्यांच्या पणजोबांसारखाच आहे: शब्द आले तर काम होईल. जागा थोड्या, बसणारे लाखांनी, आणि वय वाढत चाललेले. त्या ताणात कुरुंदकरांसारखे नापास होत वाचत राहणे परवडणारे नाही, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही.

विश्वकोशाचे सारे खंड आता मोबाइलवर फुकट उघडतात. केतकरांच्या ज्ञानकोशाचेही तसेच. पुसेगावात बसून ‘औट’ या शब्दाचा अर्थ दाते-कर्व्यांच्या कोशात शोधायला आता अर्धा मिनिटही लागत नाही. शब्द शोधायला मात्र तो आधी कानावर पडलेला असावा लागतो.

तोवर कारभाराची शब्दशाळा चालूच आहे. निजामी पटवाऱ्याचा राज्य झाल्यावर तलाठी झाला, आणि २०२४ मध्ये शासनाने तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ केले. भरतीच्या पुस्तकांत तो एक गुणाचा प्रश्न म्हणून येतो. मराठवाड्यातली म्हातारी माणसे सातबाऱ्यासाठी घराबाहेर पडताना अजून पटवाऱ्याकडेच जातात.